आई इथेच काम करते

आमच्या मातीकामाच्या स्टुडिओत सिंकच्या वर एक पाटी आहे. ‘आपापलं आवरा. तुमची आई इथे काम करत नाही.’ अमेरिकेत ऑफिसच्या पँट्रीत, विद्यार्थ्यांच्या किचनमध्ये ही पाटी हमखास दिसते आणि लोक तिच्याकडे बघून हसतात. मीही हसायचो. मग एका रविवारी रात्री साडेदहाला विसरलेला चार्जर घ्यायला परत गेलो, तर त्याच सिंकखालच्या गाळाच्या बादल्या उपसत एक बाई बसली होती. वय पंचावन्नच्या आसपास, गुडघ्याला पट्टा, नाकातोंडावर रेस्पिरेटर. दोन मुलांची आई. म्हणजे पाटी खोटी होती. आई इथेच काम करत होती, फक्त ती आमची नव्हती.

हा लेख तिच्याबद्दल आहे, आणि तिच्यासारखे अशा जागा चालवणारे जे लोक असतात त्यांच्याबद्दल. लेख तक्रारीचा आहे. तक्रार संस्थेबद्दल कमी आणि माझ्यासारख्या सभासदांबद्दल जास्त.

मी मूळचा सांगलीचा. इंजिनिअरिंग पुण्यात, एमएस इथे, आणि आता एका कंपनीत सर्व्हरच्या मागच्या बाजूचा कोड लिहितो. दिवसभरात हाताला लागणारी एकमेव वस्तू म्हणजे कीबोर्ड. टीममधल्या एकीने सांगितलं, माती करून बघ, डोकं शांत होतं. घराजवळ एक स्टुडिओ होता, ना-नफा तत्त्वावर चालणारा, लोकांनी लोकांसाठी वगैरे. महिन्याची फी माझ्या बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या बिलापेक्षा कमी. चाक, शेल्फ, ग्लेझ आणि भाजणी, सगळं त्यात.

या ‘सगळं त्यात’ची जादू अशी की तुम्ही कच्चं भांडं फळीवर ठेवता आणि आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या फळीवर ते भाजलेलं सापडतं. ग्लेझ लावून पुन्हा ठेवता, पुन्हा आठवड्याने चकचकीत मग हातात. मध्ये काय होतं? पहिलं वर्षभर मला हा प्रश्नच पडला नाही. ज्या माणसाला सर्व्हर आपोआप चालत नाही हे माहीत असण्याचा पगार मिळतो, त्याला भट्टी आपोआप चालत नाही हे कळायला वर्ष लागलं.

मध्ये जे होतं ते असं. आधी प्रत्येक भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत ओल आहे. ओल असलेलं जाड भांडं भट्टीत गेलं की पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि शेजारच्या दहा जणांची भांडी घेऊन जातं. मग भट्टी भरायची. इंच-इंच जागेचा हिशोब, उंचीप्रमाणे खांब, वर फळ्या. पहिली भाजणी १०६० अंशांच्या आसपास, ग्लेझची १२२० च्या पुढे. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते, तेव्हा चढताना आणि उतरताना घाई चालत नाही. भट्टी पेटली की आठ-दहा तास, निवायला पुढचा अख्खा दिवस, आणि मध्ये कधीतरी रात्री दोनला फोनवर तापमान बघायचं, कारण जुना रिले अडकला तर आख्खी भट्टी वितळेल. उघडल्यावर कोणीतरी हौसेने ग्लेझ जाड थापलेलं असतं, ते ओघळून फळीला चिकटलेलं असतं. ती फळी ग्राइंडरने घासायची, पुन्हा लेप द्यायचा. फळी स्वस्त नसते. ओघळ ज्याचा, तो मात्र घरी बसून ‘माझं भांडं कुठंय?’ विचारत असतो.

आणि धूळ. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते. तिचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि बाहेर येत नाहीत. मंदसौरच्या स्लेट-पेन्सिल कामगारांना झालेला सिलिकोसिस तो हाच; त्याला बरं करणारं औषध नाही. म्हणून मातीच्या खोलीत कधी कोरडा झाडू मारायचा नसतो, ओलं पुसायचं असतं. आम्ही सभासद दोन तास येतो, फोटो काढतो, चाकाभोवतीची घाण अर्धवट पुसतो. उरलेली वाळते. ती जिच्या नाकात जाते ती आठवड्यातून पाच दिवस तिथे असते.

या कामाचा मोबदला काय होता? स्टुडिओ मोफत वापरायची मुभा. इथे याला ‘वर्क एक्स्चेंज’ म्हणतात: तू काम कर, आम्ही तुला जागा देतो. गंमत म्हणजे तिला स्वतःची भांडी करताना मी दोन वर्षांत तीनदा पाहिलं असेल. जागेच्या बदल्यात जागा चालवायची, आणि चालवता चालवता ती वापरायला वेळ उरायचा नाही.

आता माझा गुन्हा. गेल्या वर्षी बोर्डाने प्रस्ताव आणला की फी वाढवू आणि त्यातून भट्टी सांभाळणारीला अर्धवेळ पगारी नोकरी देऊ. सभासदांची बैठक झाली. सगळ्यात जास्त विरोध कोणी केला? आम्ही, सॉफ्टवेअरवाल्यांनी. ‘ही सगळ्यांची जागा आहे, फी वाढवली तर गरिबांनी कुठे जायचं?’ हे वाक्य ज्यांनी उच्चारलं त्यांच्या टेस्ला बाहेर चार्ज होत होत्या. मी तर स्प्रेडशीट करून नेली. भाडं, वीज, माती, विमा, देणग्या, सगळ्याचे रकाने. फीवाढ अनावश्यक आहे हे मी आकड्यांनी सिद्ध केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोर्ड घाबरलं आणि प्रस्ताव गुंडाळला.

वर मी उदार झालो. म्हटलं, पैसे नको, मी माझं कौशल्य देतो. भांड्यांचा माग ठेवणारं एक ॲप फुकट लिहून दिलं. नाव ठेवलं ‘आवा’. आपल्याकडच्या कुंभाराची भट्टी. (नावाचा अर्थ समजावून सांगताना मला फार भारी वाटायचं, हेही कबूल करतो.) प्रत्येक भांड्याला क्रमांक, भट्टीत गेलं की नोटिफिकेशन, दहा दिवस उलटले की ‘विचारणा करा’ असं लाल बटण. लोकांनी ते बटण दाबदाबून झिजवलं. एकदा तिने मला शांतपणे सांगितलं, “ॲप छान आहे रे. पण आता मला भट्टी दोनदा भरावी लागते. एकदा खरी, एकदा फोनमध्ये.” मी म्हणालो, पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो. पुढचं व्हर्जन यायच्या आत तिने किल्ली परत केली.

त्यानंतर सहा आठवडे भट्टी बंद होती. तीन स्वयंसेवक मिळून जे करायला गेले त्यात एक फळी तुटली आणि एक आख्खा लॉट फुटला. आमच्या धंद्यात ‘बस फॅक्टर’ म्हणतात: किती माणसं बसखाली आली तर प्रकल्प बंद पडेल? आमच्या स्टुडिओचं उत्तर एक होतं, आणि ती एक व्यक्ती ताळेबंदात कुठेच नव्हती.

यावर जे युक्तिवाद मी ऐकले (आणि स्वतः केले) ते बघू.

पहिला: ‘अहो, ही ना-नफा संस्था आहे.’ हा शब्द आपण फार सोयीने चुकीचा वाचतो. अमेरिकेच्या करकायद्यातलं ५०१(सी)(३) कलम सांगतं की संस्थेची मिळकत कोणाच्या खाजगी खिशात जाऊ नये. काम करणाऱ्याला रास्त पगार देऊ नये असं ते कुठेही म्हणत नाही. मोठी इस्पितळं, विद्यापीठं याच कलमाखाली चालतात आणि तिथल्या प्रमुखांचे पगार त्यांच्या फॉर्म ९९० मध्ये कोणीही वाचू शकतं. नफा नको म्हणजे पगार नको, हे गणित फक्त चिखलात हात असलेल्यांना लावलं जातं.

दुसरा: ‘ती प्रेमाने करते, तिने कधी पैसे मागितले नाहीत.’ यावर १९८५ सालचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, अलामो फाउंडेशन या धार्मिक ना-नफा संस्थेचा. तिचे अनुयायी संस्थेच्या पेट्रोल पंपांवर, दुकानांत काम करायचे. बदल्यात जेवण, कपडे, राहायला जागा. त्यांनी स्वतःच कोर्टात सांगितलं की आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हाला पगार नको. न्यायालयाने एकमताने म्हटलं की या सोयी म्हणजे दुसऱ्या रूपातली मजुरीच आहे, आणि हे लोक कामगारच आहेत. आमच्या स्टुडिओचं प्रकरण त्या चौकटीत बसतं का, हा वकिलांचा विषय. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की माणूस स्वतः नको म्हणाला म्हणून त्याचं घेणं संपत नाही. नाहीतर सगळ्यात भिडस्त माणूस सगळ्यात स्वस्त पडेल. पडतोच.

तिसरा युक्तिवाद इतिहासाचा: ‘अशा जागा नेहमी अशाच चालत आल्या.’ काही अंशी खरं आहे. न्यूयॉर्कचं ग्रीनिच हाउस १९०२ मध्ये मेरी सिमकोविच यांनी स्थलांतरितांच्या वस्तीत सुरू केलं, तिथे १९०९ पासून मातीकाम शिकवलं जातं. शिकागोत जेन ॲडम्स यांच्या हल हाउसमध्ये मेक्सिकोहून आलेले लोक भांडी करायचे. पण या सेटलमेंट चळवळीत राहून काम करणाऱ्या बऱ्याच जणी सुखवस्तू घरांतल्या, शिकलेल्या होत्या. त्यांना बिनपगारी राहणं परवडत होतं, आणि ज्यांची सेवा व्हायची ते गरीब होते. आज आमच्याकडे ते उलटं झालंय. सेवा घेणारे सहा आकडी पगाराचे, आणि करणारी भाड्याच्या खोलीत, विम्याशिवाय. नाव मात्र अजून ‘कम्युनिटी’च आहे.

मोंटानातल्या हेलेनाच्या आर्ची ब्रे यांचं उदाहरण तर मातीवाले देवाच्या गोष्टीसारखं सांगतात. १९५१ मध्ये वीटभट्टीच्या आवारात स्टुडिओ उभा राहिला. पीटर व्होल्कस आणि रुडी ऑटिओ दिवसा विटांचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात आपली भांडी. पुढे दोघंही जगप्रसिद्ध झाले. पण तेव्हा ते विशीत होते, आणि भट्टी सांभाळणारी आमची बाई पंचावन्नची. गुडघे गोष्टी ऐकत नाहीत.

आपल्या मराठी लोकांनी यावर फार नाकं मुरडू नयेत. ‘मानधन’ हा शब्द आपला आहे. पगार द्यायचा नसतो तेव्हा आपण मान देतो आणि मागे ‘धन’ लावतो. अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षं मानधनावर गावं सांभाळतात. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. नाट्यसंस्था, वाचनालयं, इथली महाराष्ट्र मंडळं, प्रत्येक ठिकाणी एक काका नाहीतर एक ताई असते, जिच्याशिवाय पान हलत नाही आणि जिला वर्षाअखेरीस शाल-श्रीफळ मिळतं.

मातीत डोकं शांत होतं, हे खरंय. चाकावर गोळा मध्यावर आला की तासभर कशाचंच भान राहत नाही. पण तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण लहानपणापासून ऐकलीय. विठ्ठलाच्या नामात तल्लीन होऊन ते चिखल तुडवत होते आणि पायाखाली त्यांचं स्वतःचं रांगतं मूल आलं. त्या तल्लीनतेची किंमत निदान त्यांच्याच घराने मोजली. आमची तल्लीनता महिन्याच्या फीत येते आणि पायाखाली दुसऱ्याच्या घरचं माणूस असतं.

स्वयंसेवा वाईट आहे असं मी म्हणत नाही. शनिवारी दोन तास टेबलं पुसणं, नव्या लोकांना माती मळायला शिकवणं, हे मी करतो आणि मजा येते. फरक माझ्यापुरता सोपा आहे. मी एका शनिवारी आलो नाही तर कोणाचं काही अडत नाही. ती आली नाही तर भट्टी बंद पडते. जिच्या न येण्याने जागा बंद पडते, तिचं काम नोकरी असतं, मग कागदावर काहीही लिहा. आणि गरिबांच्या फीचं खरंच वाटत असेल तर ज्याला परवडतं त्याने जास्त भरावं, ज्याला नाही त्याने कमी. असे दर पुष्कळ संस्था लावतात. पगार न देऊन दिलेली सवलत ही एका बाईने आम्हा दीडशे जणांना दिलेली देणगी आहे. तिची पावतीही आम्ही तिला दिली नाही.

मी तिला महिन्याभरापूर्वी भेटलो. ती आता एका रोपवाटिकेत काम करते, तासावर पैसे, विमा आहे. मी माफी मागितली. ती म्हणाली, “तुझी स्प्रेडशीट बरोबर होती रे, बेरीज मी तपासली होती.” मग तिने विचारलं, खालच्या भट्टीचा रिले बदलला का? बदलला नव्हता.

फीवाढीचा प्रस्ताव पुन्हा आलाय. बैठक गुरुवारी आहे. माझ्या मित्रांनी जुनी फाइल परत मागितली, म्हणून ती काल उघडली. भाडं, वीज, माती, विमा, देणग्या. त्यात एक नवा रकाना घातला, भट्टीचे तास, आणि ‘आवा’च्या नोंदींवरून एकेक तास भरायला बसलो. रात्री एकपर्यंत मार्च महिनाच झाला होता.