लाज कोणाची, शिक्षा कोणाला?

एचआयव्हीचा विषय निघाला की पुण्यात बोटे बुधवार पेठेकडे वळतात. ‘आपल्या घरांचा त्याच्याशी काय संबंध?’ असे म्हणून बोलणे संपवले जाते. या प्रश्नाचे उत्तर पुण्यातच १९९७ साली मिळाले आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक विवाहित, नवऱ्याशी एकनिष्ठ. तरीही त्यांच्यातल्या शंभरात सुमारे १४ जणी बाधित निघाल्या. हे प्रमाण साऱ्या शहराचे नव्हते, पण आजार निकाहनामा पाहून थांबत नाही, एवढे त्यातून कळले.

आज परिस्थिती आशादायक आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती नेमाने घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर आईला वेळेवर उपचार मिळाले तर बाळही बहुधा सुरक्षित राहते. मात्र या सगळ्याची सुरुवात तपासणीने होते आणि माणसे अडतात ती तिथेच.

कारण भीती आजाराची कमी, लोकांची जास्त. म्हणून सोय वाढवायची तर आधी अब्रू सांभाळली पाहिजे. रोजंदारीवरचा माणूस दिवसाचा खाडा करून रांगेत उभा राहणार नाही. त्याच्यासाठी केंद्र संध्याकाळी उघडे हवे. कोंढवा, भवानी पेठेतल्या स्त्रीला समजेल अशा भाषेत, बंद दाराआड बोलणारी समुपदेशक हवी. तृतीयपंथी किंवा नशेत अडकलेल्या तरुणाला आधी उपदेश नको, उपचार हवा. बुधवार पेठेत सहेली संघाच्या स्त्रिया १९९८ पासून आपल्याच सोबतिणींमध्ये काम करत आहेत. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनाच कामात घेतले की विश्वास बसतो, हे महापालिकेने इतर वस्त्यांतही ओळखावे.

कायदाही पाठीशी आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते आणि नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचे घर नाकारता येत नाही.

उरला आपला वाटा. आजाऱ्याची विचारपूस हा आपल्या दीनने सांगितलेला हक्क आहे आणि दुसऱ्याचे झाकलेले उघडे न पाडणे हीदेखील नेकी आहे. एकत्र जेवल्याने, मुसाफा केल्याने किंवा एकाच हौदावर वुजू केल्याने हा आजार लागत नाही. घरात कोणी बाधित असेल तर त्याचे ताट वेगळे करू नका. निकाह ठरवताना दोन्ही घरांनी राजीखुशीने तपासणी करून घ्यावी. फक्त मुलीकडे बोट नको. इमाम साहेबांनी १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाजवळच्या जुम्याला यावर दोन शब्द बोलावेत.

शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तिथे विचारायला लाज कसली? लाज वाटायला हवी ती आजाऱ्याला एकटे पाडणाऱ्याला.