‘वाचला’ या क्रियापदानंतर

आपल्याकडे आजाराची गोष्ट ‘वाचला’ या क्रियापदापाशी संपते. कथेत, चित्रपटात आणि गावच्या पारावरही. माझा आक्षेप या पूर्णविरामाला आहे, आणि तो प्रामुख्याने आपल्यावर, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांवर आहे.

२००४ साली आलेला संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आठवावा. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावलेला परशुराम शस्त्रक्रियेनंतर आजोबांबरोबर कोकणात परततो आणि चित्रपट थांबतो. कलाकृतीला तिथे थांबण्याचा अधिकार आहे. पण त्याच्याविषयी लिहिता-बोलताना आपणही तिथेच थांबलो. त्या मुलाच्या शाळेचे, तारुण्याचे, पोटापाण्याचे काय, हा प्रश्न आपल्या वर्गात फारसा उपस्थित झालाच नाही.

मेंदूतील गाठीच्या बाबतीत हा पूर्णविराम अधिक घातक ठरतो, कारण इथली हानी डोळ्यांना दिसत नाही. मेड्युलोब्लास्टोमा ही लहान मेंदूत होणारी, मुख्यतः मुलांमध्ये आढळणारी कर्करोगाची गाठ. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकदा संपूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला किरणोपचार द्यावे लागतात, जोडीला केमोथेरपी. मूल जगते. परंतु वाढत्या मेंदूवर झालेले परिणाम पुढे वर्षानुवर्षे उघड होत राहतात. वाचण्याचा आणि विचार करण्याचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही, ऐकू कमी येते, उंची खुंटते. यातले पुष्कळसे घरी परतताना जाणवतही नाही. जेव्हा जाणवू लागते, तेव्हा गावाच्या लेखी ते मूल केव्हाच ‘बरे झालेले’ असते. मग त्याच्या संथपणाला आपण शिक्षकच नाव देतो : आळशी, मठ्ठ.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. पण मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या एखाद्या वाडीवरून निघालेल्या आईवडिलांना एसटीने कल्याण आणि मग लोकलने मुंबई गाठावी लागते. शहापूरच्या खेड्यांतून आधी आसनगाव स्थानक. एका तपासणीपायी दोघांचा रोज बुडतो. दिसायला धडधाकट असलेल्या मुलासाठी तो किती वर्षे बुडवायचा? अशा वेळी त्या मुलाला रोज पाहणारा जाणता माणूस एकच उरतो, आणि तो म्हणजे वर्गातला शिक्षक.

यावर कोणी म्हणेल, हा वैद्यकाचा विषय आहे. साहित्याच्या प्राध्यापकाने त्यात का पडावे? कारण उत्तरपत्रिका आपल्या हातात असते. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लेखनिक देण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लादता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लिहिण्यात अडचण असलेल्या अशा उमेदवारांसाठी लेखनिकाची आणि तासाला २० मिनिटे जादा वेळेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्यापैकी किती विभागांनी ती वाचली आहेत? आणि जादा वेळ दिल्याने गुणवत्ता घसरते असे मानणाऱ्यांनी सांगावे, कवितेचे आकलन घड्याळ लावून मोजायचे असते काय?

मराठीत ‘वाचणे’ म्हणजे जगणे, आणि ‘वाचणे’ म्हणजे अक्षरांतून अर्थ लावणेही. पहिल्या अर्थाची जबाबदारी शल्यविशारदांनी पार पाडली. दुसरी आपली आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.