कोणता टप्पा कोणत्या यंत्राकडे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या कामवाटपावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कामाची वाटणी हा विषय मुळात आपल्याच शाखेचा आहे. रोकड एकाने सांभाळावी, खातेवही दुसऱ्याने लिहावी आणि धनादेशावर सही तिसऱ्याने करावी, हे अंतर्गत तपासणीचे तत्त्व आपण परीक्षेसाठी पाठ करतो. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या यंत्रांनाही हेच तत्त्व लागू केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या सुटीत मी भोपाळला, शाहपुऱ्यात मावशीकडे होतो. मावसभाऊ तिथे घरी बसून एका लहान कंपनीचे काम करतो. ‘पाइपलाइन’ म्हणजे काय, हे त्याने समजावले. आमच्या घरी कन्नड आणि शाळा मराठी. ‘बिल्ड’ हा शब्द दोन्हीकडे पाहुणाच. अर्थ मात्र सोपा आहे. लिहिलेल्या कोडपासून वापरण्याजोगे सॉफ्टवेअर बांधायचे, त्याची चाचणी घ्यायची, त्यावर कंपनीची डिजिटल सही करायची आणि ते ग्राहकाकडे रवाना करायचे. हे टप्पे आपोआप, एकामागून एक पार पडतात. जेन्किन्स हे त्यासाठीचे प्रसिद्ध साधन. पूर्वी त्याचे नाव हडसन होते; ते २०११ साली बदलले.

जेन्किन्सला ‘कोणतेही मोकळे यंत्र चालेल’ असे एका ओळीत सांगता येते. किंवा सर्वांसाठी एक यंत्र न नेमता प्रत्येक टप्प्यापुढे हव्या त्या यंत्राचे लेबल लिहिता येते. विंडोजचे काम विंडोजच्या यंत्रावर जावे, एवढ्या सोयीपुरतेच बरेच जण लेबल वापरतात. माझ्या मते खरा प्रश्न सोयीचा नसून विश्वासाचा आहे. मुख्य नियंत्रक यंत्रावर बिल्ड चालवू नये, असा सल्ला जेन्किन्सची मार्गदर्शिकाच देते. ज्याच्या कमरेला साऱ्या किल्ल्या, त्याच्याकडे कोणाचेही गाठोडे उघडायला देऊ नये, हाच त्याचा अर्थ.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. घुसखोरांनी बिल्ड करणाऱ्या यंत्रणेतच शिरकाव करून, बांधणी चालू असताना कोडची फाइल बदलली होती. त्या दूषित मालावर कंपनीची खरी सही झाली आणि तो सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला. पुढे कंपनीने तेच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या ठिकाणी समांतर बांधून निकाल ताडून पाहण्याची पद्धत स्वीकारली. दोन कारकुनांनी एकच बेरीज स्वतंत्रपणे करावी, तसेच हे.

भोपाळला हा धडा परका नाही. २०१३ साली गाजलेल्या व्यापम प्रकरणात परीक्षार्थींची आसनव्यवस्था ठरवण्यापासून उत्तरपत्रिकांतील फेरफारांपर्यंत आरोप झाले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. तिथे जेन्किन्स नव्हते, पण प्रश्न तोच होता: कोणता टप्पा कोणाच्या हाती?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा: लहान कंपनीने चार यंत्रे कोठून आणावीत? दुसरा खोळंब्याचा: नेमलेले यंत्र बंद पडले, तर बाकीची मोकळी असूनही काम रांगेत अडकते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. म्हणूनच प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र यंत्र द्या, असा माझा आग्रह नाही. चाचण्या खुशाल कोणत्याही यंत्रावर होऊ द्याव्यात. सहीची किल्ली मात्र ज्या यंत्रावर असेल, तिथे दुसरे कोणतेही काम जाऊ नये.

शिवाय नुसते लेबल पुरत नाही. कामाची यादी ज्याला बदलता येते, तो त्यात सहीच्या यंत्राचेही लेबल लिहू शकतो. चिठ्ठीवर पत्ता कोणीही लिहील. दार कोणाला उघडायचे, हे आतल्याने ठरवायचे असते. म्हणून कोणती कामे स्वीकारायची, याचे बंधन त्या यंत्राच्या बाजूनेही हवे, आणि ते बंधन बदलण्याचा अधिकार यादी लिहिणाऱ्याकडे नसावा.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या हिशेबतपासनीस होतील. आज कंपन्यांच्या वह्या सॉफ्टवेअरमध्येच आहेत. ‘व्हाउचर कोणी मंजूर केले?’ असे आपण विचारणारच आहोत. त्याच्या जोडीला ‘हे सॉफ्टवेअर कोणत्या यंत्रावर बांधले, आणि त्यावर सही कोणत्या यंत्रावर झाली?’ हेही विचारायला शिकले पाहिजे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष