टी. टी. म्हणजे काय ?

दादरच्या एका भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. श्वशुर अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. थोरले चिरंजीव नुकतेच स्थापत्यशास्त्राची पदवी घेऊन नोकरीस लागलेले. एके दिवशीं जेवतांना धाकट्या मुलीनें विचारलें कीं, दादर पूर्वेच्या चौकाला सारे लोक 'टी. टी.' म्हणतात तें काय म्हणून ? चिरंजीवांनीं थट्टेनें 'टेबलटेनिस' असें सांगितलें. तोंच आजोबांनीं हातांतला घास ताटांत ठेवला आणि 'ट्राम टर्मिनस !' असें इतक्या मोठ्यानें उच्चारलें कीं पोर दचकली. तेथून जो वाद पेटला तो अद्याप विझलेला नाहीं. आजोबांचें म्हणणें, ट्राम काढून मुंबईनें आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. नातवाचें म्हणणें, रस्ता अडविणारी ती जुनाट वस्तु गेली तें बरेंच झालें. 'मामंजींनीं आतां दुपारचा चहा खोलींतच मागविण्यास आरंभ केला आहे,' असें लिहून भगिनींनीं आमच्याकडे निवाडा मागितला आहे.

निवाडा देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु वर्गांतलीं भांडणें सोडविण्यांत आमचा जन्म गेला, तेव्हां दोन्ही बाजू मांडण्यापुरतें आम्हांस बोलतां येईल. प्रथम शब्दांचें पाहूं. टर्मिनस हा रोमन लोकांचा सीमेचा देव. शेताच्या बांधावर रोंवलेला दगड हीच त्याची मूर्ति. ट्राम या शब्दाविषयीं एक गोड थाप प्रसिद्ध आहे. आऊट्रम नांवाच्या इंजिनियराच्या नांवाचें शेपूट तेवढें उरलें, असें कित्येक सांगतात. तें खरें नव्हे. उत्तर युरोपांतील बोलींत या शब्दाचा मूळ अर्थ लांकडी दांडा किंवा तुळई असा आहे. खाणींत ढकलावयाच्या गाड्यांना तें नांव पडलें आणि तेथून तें शहरांत आलें. म्हणजे दादर टी. टी. या नांवांत एक तुळई आणि एक देव शेजारीं शेजारीं बसले आहेत, आणि बसवाहक तें नांव दिवसांतून शंभर वेळां पुकारतो.

आतां इतिहास. मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजीं धांवली; ती घोडे ओढीत. एक मार्ग कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरापासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. भाडें तीन आणे. तिकीट म्हणून नव्हतें. पण फुकट्यांची संख्या वाढूं लागतांच त्याच वर्षीं तिकीट आलें. भाडेंहि पुढें दोन आण्यांवर उतरलें. पायधुणी हें नांवच पहा. खाडी ओलांडून येणारा माणूस जेथें पाय धुवून शहरांत शिरे, तेथेंच नव्या वाहनाचा शेवटचा थांबा झाला !

घोड्यांची जागा विजेनें घेतली ती १९०७ सालीं. ७ मे रोजीं महानगरपालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली विजेची ट्राम निघाली. १९२० च्या सप्टेंबरांत दुमजली गाड्या आल्या. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस सुरू झाली, आणि ट्रामचा प्रतिस्पर्धी त्याच छत्राखालीं वाढूं लागला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं सारा कारभार महानगरपालिकेच्या हातीं आला. पुढें एकेक मार्ग बंद होत गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं दहाच्या सुमारास शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. तिला निरोप देण्यास लोकांची दाटी उसळली होती. भगिनींचे श्वशुर त्या वेळीं सत्तावीस वर्षांचे असणार. ते त्या गर्दींत होते काय, आणि होते तर कोठें उभे होते, हें चिरंजीवांनीं एकदां चहाच्या वेळीं खोलींत जाऊन विचारावें. तें कोणत्याहि ग्रंथांत मिळावयाचें नाहीं.

नातवाची बाजू हलकी नाहीं. ट्राम रुळावरून उतरूं शकत नाहीं. एक गाडी नादुरुस्त झाली कीं मागच्या साऱ्या तिच्यामागें ओळीनें खोळंबतात. समोर हातगाडी आडवी आली तर बसवाला वळसा घालतो. ट्रामवाला पायानें घंटा बडविण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं. रस्ता खणावयाचा झाला तर वाहतूक बंद पाडावी लागते. रुळाच्या खाचेंत सायकलचें चाक अडकून पडणारे निराळेच.

पण याच गोष्टी उलट्या बाजूनेंहि पाहतां येतात. रस्त्यांत पुरलेला ट्रामचा रूळ आगगाडीच्या रुळाहून निराळा असतो. त्याच्या माथ्यावर खांच असते. चाकाची कड त्या खांचेंतून जाते व रूळ फरसबंदीच्या बरोबरीस राहतो. पोलादावर पोलाद फिरत असल्यानें घर्षण थोडें. म्हणून घोड्यांच्या जोडीला भरलेली गाडी ओढतां येई. विजेचा प्रवाह वरच्या तारेंतून गाडींत उतरतो आणि त्याच रुळांतून परत जातो. एवढा खटाटोप ज्या रस्त्यावर झाला, तेथून दुसऱ्या दिवशीं वाहन नाहींसें होत नाहीं. बसचा थांबा म्हणजे लोखंडी खांबावरची पाटी. ती रात्रींतून शंभर पावलें पुढें सरकते, आणि सकाळीं औषधाला निघालेला म्हातारा जुन्याच जागीं उभा राहतो. रूळ दिसत असला कीं गाडी येथूनच जाणार, हें निरक्षरालाहि कळतें. आजोबांचा जीव ट्रामवर जडला आहे त्याचें निम्में कारण, आमच्या मतें, हेंच.

मग चुकलें कोठें ? आमच्या समजुतीप्रमाणें दोष ना रुळाचा ना गाडीचा, दोष थांब्याचा. ट्रामचे रूळ सामान्यतः रस्त्याच्या मध्यभागीं असत, आणि उतारूंनीं उभें राहावयाचें पदपथावर. गाडी आली कीं मोटारींतून वाट काढीत मध्यापर्यंत धांवावयाचें, आणि पायरीवर चढावयाचें. मोटारी थोड्या होत्या तोंवर हें निभावलें. त्या वाढल्या तेव्हां ट्रामच्या उतारूमुळें मोटारी थांबूं लागल्या व मोटारींमुळें उतारूंचा जीव धोक्यांत येऊं लागला. दोहोंपैकीं एकास हटविणें आलें, तेव्हां जो वाट सोडूं शकत नव्हता तोच गेला.

हें मुंबईपुरतेंच घडलें असें नाहीं. लंडनमधील ट्राम १९५२ सालीं संपली. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराचें ट्रामचें जाळें एके काळीं ब्रिटिश साम्राज्यांत लंडनच्या खालोखाल गणलें जाई. तेंहि २५ फेब्रुवारी १९६१ रोजीं अखेरची गाडी धांवून मिटलें. कारणें तींच, जीं आपले चिरंजीव देतात. परंतु सिडनीची कथा तेथें संपत नाहीं, आणि म्हणूनच ती येथें सांगावीशी वाटते. १९९७ सालीं तेथें जुन्या मालगाडीच्या मार्गावर एक लहान ट्राम पुन्हा सुरू झाली. तिला आतां 'लाइट रेल' म्हणतात. (नांव बदललें कीं जुनी वस्तु नवी होते, हा अनुभव विलायतेंतहि आहेच.) पुढें १४ डिसेंबर २०१९ रोजीं जॉर्ज स्ट्रीट या शहराच्या मुख्य रस्त्यावरून गाडी धांवूं लागली. याच रस्त्यावरचे रूळ साठ वर्षांपूर्वीं अडथळा म्हणून उखडले होते !

या खेपेस त्यांनीं दोन गोष्टी निराळ्या केल्या. जॉर्ज स्ट्रीटच्या मधल्या भागांतून मोटारी काढून तो पादचाऱ्यांस दिला. आणि थांब्यास ओटे बांधले. गाडीची जमीन ठेंगणी, रस्त्यापासून सुमारें फूटभर उंच, ओटाहि तेवढाच. दार उघडलें कीं उंबरठा ओलांडावा तसें आंत जावें. बाबागाडी, चाकाची खुर्ची, काठी टेकणारी आजीबाई, सारीं एकाच दारानें. दोन डबे-संच जोडून गाडी ६७ मीटर लांब होते, आणि शहराच्या शोभेस बाध नको म्हणून सर्क्युलर की ते टाऊन हॉल या टप्प्यांत वर तारच नाहीं. गाडीखालच्या जमिनींतल्या पट्टींतून वीज मिळते, आणि तीहि गाडी जेवढ्या भागावर असेल तेवढ्यालाच. याचा खर्च मात्र ऐकण्यासारखा आहे. १६० कोटी डॉलरांचा अंदाज होता, तो जवळजवळ दुप्पट झाला. २०१५ पासून रस्ता खणलेला राहिल्यामुळें धंदा बुडाला म्हणून दुकानदारांनीं न्यायालयांत दावे लावले. ट्राम काढून टाकणें स्वस्त असतें. परत आणणें किती महाग, हें आजोबांनीं नातवास अवश्य सांगावें.

कलकत्त्याचें उदाहरण आम्हांस अधिक बोचतें. तेथें घोड्यांची पहिली ट्राम मुंबईच्याहि आधीं, २४ फेब्रुवारी १८७३ रोजीं, निघाली होती, आणि १९०२ पासून विजेची धांवत आली. कित्येक रस्त्यांवर तिच्याकरितां मधोमध राखलेला निराळा पट्टा होता. तेवढ्यानें सारें निर्भय होतें असें नव्हे. कवि जीवनानंद दास ऑक्टोबर १९५४ मध्यें ट्रामच्या धक्क्यानें जायबंदी होऊन आठ दिवसांनीं वारले. परंतु पुढें बऱ्याच ठिकाणीं ते राखीव पट्टे फरसबंद करून मोटारींस मोकळे केले गेले. मग उतारू मोटारींच्या लोंढ्यांत उतरूं लागला, गाडी त्यांतच अडकूं लागली, आणि 'ट्राममुळें रस्ता अडतो' ही तक्रार खरी ठरली. सप्टेंबर २०२४ मध्यें तेथील सरकारनें एस्प्लनेड ते मैदान एवढा एक मार्ग आठवण म्हणून ठेवून बाकीचे बंद करण्याचें जाहीर केलें. आधीं वाट काढून घ्यावयाची आणि मग चालत नाहीं म्हणून दोष द्यावयाचा, हा न्याय घरांतल्या वृद्धांच्या बाबतींतहि कांहीं ठिकाणीं पाहावयास मिळतो.

मुंबईंत ट्राम परत यावी काय ? काळबादेवीच्या रस्त्यांत ती आतां मावणार नाहीं, हें आजोबांनीं मान्य करावें. तेथील गर्दी वाहण्यास भुयारी मेट्रो झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते, आणि काळबादेवी व हुतात्मा चौक हीं तिचीं स्थानकें आहेत. जेथें घोडे टापा वाजवीत गेले, त्याच्याखालूनच ती धांवते. काम नामी आहे. पण भुयारांत उतरण्यास सरकते जिने, उद्वाहन, लांबलचक वाटा. दोन थांबे जाण्यासाठीं गुडघे दुखणारा माणूस तेथें उतरत नाहीं. तो वरच बसची वाट पाहतो.

आणि तेथें जुनाच दोष नव्या वेषांत उभा आहे. अलीकडच्या विजेच्या बसगाड्या ठेंगण्या जमिनीच्या आहेत, ही सोय खरी. परंतु थांब्याच्या जागीं रिक्षा व मोटारी उभ्या असतात, म्हणून बस चार हात दूर थांबते. म्हाताऱ्यानें पदपथावरून खालीं रस्त्यावर उतरावें, मोटारसायकली चुकवाव्या आणि पुन्हां वर चढावें. १९६४ पूर्वींचा ट्रामचा उतारू हेंच करीत असे. यावर रूळ नकोत, भुयार नको. कडेचा दगड बसच्या दाराइतका उंच असावा, आणि त्याच्यापुढें कोणी गाडी लावूं नये, एवढेंच हवें. चिरंजीव स्थापत्यशास्त्र शिकले आहेत. त्यांनीं एक दिवस फूटपट्टी घेऊन आजोबांसह टी. टी.च्या थांब्यावर जावें आणि बस थांबल्यावर दगड व दार यांमध्यें उंचीचें व लांबीचें अंतर किती पडतें तें मोजावें. माप आजोबांनीं सांगावें, लिहून नातवानें घ्यावें. इतर वाचकांनींहि आपापल्या गांवच्या थांब्याचें माप कळविल्यास तीं सारीं मापें पुढील अंकीं एकत्र छापूं.