विश्लेषण : अणुभट्टीतला संशयित भाग वापरायचा की बाजूला ठेवायचा?

खेड-शिवापूर, शिवरे ते शिरवळ या महामार्गालगतच्या पट्ट्यातील कारखान्यांत एक साधा नियम असतो. मापात न बसणारा जॉब लाल पेटीत जातो. ज्याच्याबद्दल शंका आहे, तोही चांगल्या मालात मिसळत नाहीत. तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवतात. मोटारीच्या सुट्या भागांना लागणारा हा नियम अणुभट्टीच्या सुरक्षा उपकरणांना आणखी कडकपणे लागायला हवा. प्रत्यक्षात काय होते?

जैतापूरशी संबंध काय?
जैतापूरला (जि. रत्नागिरी) प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या सहा ‘ईपीआर’ अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. त्याच बनावटीची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामांविल येथे उभी राहत होती. तिच्या दाबपात्राच्या झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात काही ठिकाणी कार्बन प्रमाणाबाहेर असल्याचे तेथील नियामकाने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केले. कार्बन वाढला की पोलादाचा चिवटपणा घटतो आणि तडा पसरण्याचा धोका वाढतो. दाबपात्र तोवर जागेवर बसवूनही झाले होते. अखेर तळ विशेष तपासण्यांच्या अटीवर मान्य झाला. झाकण मात्र पुढे बदलावे लागेल, असे ठरले. हे भाग घडवणाऱ्या क्रूझो फोर्ज कारखान्याच्या जुन्या उत्पादन-नोंदींतही २०१६ मध्ये अनियमितता सापडल्या.

दोष फक्त धातूत असतो का?
नाही, तो कागदातही असतो. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये हजारो सुटे भाग बनावट गुणवत्ता प्रमाणपत्रांवर पुरवले गेल्याचे उघड झाले. ते सगळेच निकामी होते असे नव्हे. पण ते चांगले आहेत याचा पुरावाच उरला नव्हता. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर, विजेची टंचाई असतानाही, दोन अणुभट्ट्या बंद ठेवण्यात आल्या.

भारतातील अनुभव
कुडनकुलमच्या पहिल्या अणुभट्टीत एप्रिल २०१३ मध्ये चाचण्यांदरम्यान चार व्हॉल्व्हमध्ये त्रुटी आढळल्या. भाग बदलून पुन्हा चाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यानंतर जुलैमध्ये अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. क्रम योग्य होता.

नरोराचा धडा उलटा आहे. ३१ मार्च १९९३ रोजी तिथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि सुमारे १७ तास केंद्राचा वीजपुरवठा ठप्प झाला. पात्यांच्या रचनेत दोष असल्याची सूचना मूळ रचनाकार कंपनीकडून आधीच आली होती, पण वेळेत कार्यवाही झाली नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी लिहिले आहे. म्हणजे दोष माहीत असणे पुरेसे नाही. त्यावर मशीन थांबवण्याची तयारी लागते.

जबाबदारी कोणाची?
२०१० च्या अणु दायित्व कायद्यातील कलम १७(ब) नुसार, पुरवठादाराच्या मालातील उघड वा छुप्या दोषामुळे अपघात झाला, तर केंद्रचालकाला दिलेली भरपाई त्याच्याकडून वसूल करता येत होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘शांती’ कायद्यात हा आधार राहिलेला नाही. आता कंत्राटात तशी लेखी तरतूद असेल किंवा नुकसान जाणूनबुजून केलेले असेल, तरच वसुली शक्य आहे. याच कायद्याने नियामकाला वैधानिक दर्जा दिला, ही जमेची बाजू. पण पुरवठादारावरचा आर्थिक धाक कमी झाला की तपासणीचा सगळा भार नियामकावर येतो.

काय व्हायला हवे?
पहिले, शंका आली की भाग ‘सदोष’च धरावा, तो चांगला आहे हे सिद्ध करण्याचे ओझे पुरवठादारावर आणि केंद्रचालकावर असावे. दुसरे, प्रत्येक भागाचा हीट नंबर आणि चाचणी-नोंदी जपाव्यात, म्हणजे एक भाग खराब निघाला तर त्याच ओतीचे बाकीचे भाग कुठे बसले आहेत ते शोधता येईल. तिसरे, भाग बसवण्याआधीच नियामकाने निवडक नमुने स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासावेत आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

बसवलेला भाग काढणे महागडे असते. त्यामुळे ‘चालवून घेऊ’ हा मोह होतो. कारखान्यात त्या मोहाची किंमत परत आलेल्या मालाने मोजता येते. जैतापूर, तारापूरच्या पंचक्रोशीत ती किंमत माणसांना मोजावी लागेल. म्हणून लाल पेटी तिथे आधी हवी.