चित्रकलेचा तास कोणी खाल्ला?

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की त्याच्यावर हात मारायला कोणाचीही परवानगी लागत नाही. गणिताचा भाग मागे पडला, घ्या चित्रकलेचा तास. इंग्रजीची चाचणी राहिली, घ्या चित्रकलेचा तास. पाहुणे यायचे आहेत, सतरंज्या झटकायच्या आहेत, मग तर विचारूच नका! गावाबाहेरच्या पडीक जागेवर ज्याने त्याने उकिरडा टाकावा, तशी या तासाची गत. आणि जिथे चित्रकलेच्या शिक्षकाची जागाच रिकामी आहे, तिथे तो कागदावर जन्मतो आणि कागदावरच मरतो.

मी भाषा शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. रंग-कुंचला हा माझा धंदा नव्हे. तेव्हा मी आपल्याच दुकानाची जाहिरात करतो आहे, असे कोणाला म्हणता येणार नाही. ऐन फराळाच्या वेळी हे भांडण काढल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. कारण दिवाळी अंक घरात आला की आपण सगळे आधी पाहतो काय? मुखपृष्ठ! १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली; १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढला, तो तर चित्रकाराचाच अंक. असे अंक आपण ट्रंकेत जपून ठेवतो. आणि त्याच घरातला मुलगा वहीच्या मागच्या पानावर बैल काढू लागला, की वडील विचारतात, “याने पोट भरेल काय?”

पानिपतच्या सनावळीने कितीजणांचे पोट भरते? शार्दूलविक्रीडिताच्या गणांनी भरते? तरी आपण ती शिकवतो, आणि शिकवावीतच. मग हा प्रश्न एकट्या चित्रालाच का?

पण पोटाची काळजी करणाऱ्यांपेक्षा मला भीती वाटते ती स्तुती करणाऱ्यांची. “कला ही देवाची देणगी, ती सगळ्यांना थोडीच असते!” असे म्हणून ते चित्रकलेला देव्हाऱ्यात बसवतात आणि बाहेरून कडी घालतात. तिसरी जात हिशेबी शहाण्यांची. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलाला एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचे. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. परीक्षेला माझा विरोध नाही. पण पोहण्याचा दाखला हाती पडला म्हणून नदीकडे पाठ फिरवणारा माणूस कोणी पाहिला आहे काय?

या तिघांनाही मी नंदलाल बोसांची हकिकत ऐकवू इच्छितो. माणूस बंगालचा, पण आपल्या दाराशी दोनदा येऊन गेलेला. आमचा बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसला आहे, त्याच रांगेतल्या लेण्यांत १९०९ नंतरच्या एक-दोन वर्षांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाईंना मदत करीत ते भित्तिचित्रांच्या नकला करीत बसले होते. त्यांच्याही आधी, १८७२ ते १८८५ या काळात, ग्रिफिथ्स साहेबांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलची मुले तिथे नकला करीत होती. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. त्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. चित्रे जळाली खरी, पण तोवर हात तयार झाले होते.

दुसऱ्यांदा नंदलाल आले ते १९३६ च्या डिसेंबरात, शेजारच्या खानदेशात, फैजपूरला. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. गांधीजींनी त्यांना सजावटीसाठी बोलावले, आणि त्यांनी बांबू, चटया, गवत, म्हणजे आपल्या गोठ्यामागे सापडते तेच सामान घेऊन ती नगरी उभी केली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि शिष्यांनी मिळून चारशेच्या आसपास चित्रफलक रंगवले. विषय कोणते? ढोल वाजवणारा, नांगर धरणारा, कुस्ती खेळणारे पहिलवान. ज्यांची चित्रे, तेच पाहायला आलेले!

हे एका रात्रीत साधले काय? नंदलालांच्या हाताशी कोरी कार्डे असत. झाड, बकरी, रस्त्याने जाणारी बाई, दिसेल ते चार रेघांत टिपायचे, आणि कित्येकदा ते कार्ड टपालाने शिष्याला धाडायचे. आपण सकाळी दात घासतो तितक्या सहजपणे हा थोर माणूस रोज चित्र काढी. १९३० साली काठी घेऊन निघालेल्या गांधीजींची आकृती त्यांनी लिनोलियमवर कोरली. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या पहिल्या पुस्तकासाठीही त्यांनी अशाच ठशांची चित्रे केली. राष्ट्राचा नेता आणि अक्षर गिरवणारे पोर, दोघांसाठी हत्यार एकच.

छापील चित्राचे महत्त्व आपल्याला सांगायला नको. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत शिळाछापखाना घातला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. पण तो कारखाना होता. एकेका रंगाला वेगळा दगड, वर यंत्रे. लिनोचा ठसा हा गरिबाचा छापखाना.

तो आमच्या वर्गात आम्ही घातला आहे. मोडक्या छत्रीच्या पन्हळी काडीला दगडावर धार लावली की कोरणे तयार. कोरले ते पांढरे राहते, सोडले ते काळे उठते. उजव्याचे डावे होते, म्हणून अक्षरे उलटी कोरायची. शाई रुळाने पसरायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. एका मुलीने पोळ्याचा बैल घेतला. झूल झाली, घुंगरमाळ झाली, आणि शिंगांपाशी हात थांबला. कान शिंगाच्या खाली की मागे? ज्या बैलाला ती रोज वैरण घालते, त्याचा कान तिने पाहिलाच नव्हता! मधल्या सुट्टीत गोठ्यात जाऊन पाहून आली, मग कोरला. हे ज्ञान कोणत्या तासाला मिळाले असते, ते गणिताच्या मास्तरांनी मला सांगावे. आमच्या देऊळघाटात मराठीबरोबर उर्दूही कानी पडते. या ठशापुढे दोन्हीकडची पोरे एकाच शाईत बोटे माखतात आणि छाप नीट उठला नाही की एकाच सुरात ओरडतात.

आणि गावात काय चालले आहे? दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर हा पूर्वी गावाचा चित्रकार होता. त्याच्या वाघाला मांजराचे तोंड असेल, पण तो वाघ त्याचा स्वतःचा होता. आता चौकात फ्लेक्स. वर वाढदिवसाचा चेहरा, खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे, कोणाची मान कोणाच्या खांद्यावर चिकटवलेली. दोन वादळांत तो फाटतो आणि गोठ्यावर पांघरायला जातो. त्याचा तेवढाच उपयोग मला मान्य आहे. अंगणात रांगोळीच्या जागी चिकटवायचे स्टिकर आले. मग भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींच्या बोटांना ठिपक्यांची सवय लागावी कोठून? फ्लेक्सला पैसे निघतात. शाळेच्या रंगाचे नाव काढले की मंडळींना दुष्काळ आठवतो.

माझी मागणी फार नाही. चित्रकलेच्या शिक्षकाची रिकामी जागा भरा. ती भरेपर्यंत आठवड्यातले ते दोन तास कोणी मागू नयेत, मी तर नाहीच. व्याकरण मागे राहिले तर मी शाळा सुटल्यावर घेईन. आणि बसथांब्याजवळची जी भिंत दर महिन्याला फ्लेक्सखाली झाकली जाते, ती पोरांना द्या. चुना आणि गेरू आम्ही आणतो. भिंत पूर्वेकडची आहे, पावसाची झड तिच्यावर फारशी येत नाही.