शिट्टी कुणाच्या हाती?

मंडईचे दिवस सरतात, धान घरात येते आणि गोंदिया जिल्ह्यात गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुलीही हौसेने उतरतात. वर्गणी जमते, ढाल येते, मंडप उभा राहतो. पंच मात्र अगदी शेवटी शोधला जातो. ज्याने देणगी दिली किंवा ज्याला दुखावणे परवडत नाही, त्याच्या गळ्यात शिट्टी पडते. नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन सहायक गुणलेखक असे ६ जण हवेत. आपण एकावर भागवतो आणि वर बजावतो, ‘पंचाचा निर्णय अंतिम!’

निर्णय अंतिम असावा, हे मान्य. पण तो खेळ अडू नये म्हणून; पंच चुकतच नाही म्हणून नव्हे.

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंच हनुमंत राव यांनी इंग्लंडच्या बॉब टेलर यांना झेलबाद दिले. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, अशी भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती. त्यांनी टेलर यांना परत बोलावले. टेलर व बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत १० गड्यांनी हरला. विश्वनाथ यांच्या दिलदारीचे गोडवे आपण आजही गातो. परंतु अपील मागे घेण्यास पंचाची संमती लागते, हे कुणी सांगत नाही. भरल्या मैदानात स्वतःचा निर्णय फिरवणाऱ्या त्या पंचाचे श्रेय कोण देणार?

‘पंच असा वाकू लागला तर उद्या जो तो हुज्जत घालील,’ असे काही जण म्हणतील. आरडाओरडीपुढे वाकणे आणि सत्यापुढे वाकणे, यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने शिट्टी हाती घेऊच नये.

दुसरा प्रश्न नात्यागोत्याचा. १९८६ मध्ये लाहोरला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीसाठी इम्रान खान यांच्या आग्रहाने भारतातून पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी हे पंच गेले. घरच्या पंचांवर पक्षपाताचा आळ नको, हा हेतू. आणि आपल्याकडे? पुतण्या मैदानात आणि काका पंच!

हे मी दुरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी शिट्टी माझ्याच हाती होती. पाहुण्या संघातील चढाई करणाऱ्या मुलीचा हात मध्यरेषेपलीकडे पोचला होता. मी तिला बाद दिले. गुणलेखकाने खुणावले, मी मान फिरवली. ती मुलगी निमूटपणे बाहेर बसली. पुढच्या वर्षी तो संघ आलाच नाही.

म्हणून आयोजकांना विनंती आहे : यंदा ढालीआधी पंच ठरवा. तो शेजारच्या धर्मग्रामातला असू द्या, नियमपुस्तिका वाचलेला असू द्या. देणगीदारांना मंडपात मानाची खुर्ची द्या; शिट्टी देऊ नका.